बंदीच्या पोटीं परवाना

देवळाली कॅम्प म्हटलें कीं लष्कराची छावणी, तोफखान्याचें विद्यालय, दारणेच्या खोऱ्यांतील निरोगी हवा आणि हवापालटासाठीं येणाऱ्यांचीं आरोग्यधामें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या गांवाचें आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि अर्थव्यवहाराचा विचार करणारास तें अधिक उपयोगी पडण्याजोगें आहे. येथील बाजारांत दोन निरनिराळ्या जगांची रोज गांठ पडत असते. एक जग ठरीव पगारावर अथवा निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्यांचें. त्यांची महिन्याची मिळकत बांधलेली असते. कांदा किलोमागें दहा रुपयांनीं महागला तर ते दहा रुपये दुसऱ्या कोणत्या तरी गरजेंतून काढावे लागतात. दुसरें जग भगूर, नानेगांव, शेवगे दारणा, लहवित अशा भोंवतालच्या गांवांतील शेतकऱ्यांचें. त्यांची मिळकत बांधलेली नसते. ती पावसावर, रोगराईवर आणि बाजारभावावर झुलत असते. पहिल्याला भाव उतरावा असें वाटतें, दुसऱ्याला तो चढावा असें वाटतें. दोघांचीहि इच्छा रास्त आहे, आणि दोघांपैकीं कोणीहि दुसऱ्याचा वैरी नाहीं.

अशा दोघांमध्यें सरकार पंच म्हणून उभें असतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाव भडकले कीं तें ग्राहकाच्या मदतीस जातें आणि भाव कोसळले कीं शेतकऱ्याच्या मदतीस धांवतें, असें मानलें जातें. या समजुतींत एक गोष्ट सुटून जाते. पंचाच्या हातीं दार लावण्याचा व उघडण्याचा अधिकार आला, कीं त्या दाराशीं एक तिसरा मनुष्य येऊन उभा राहतो. ग्राहकाची गरज वा शेतकऱ्याची अडचण हा त्याच्या विचाराचा विषय नसतो. दार इतरांस बंद असतांना आपल्यापुरतें तें किलकिलें व्हावें, एवढीच त्याची मागणी असते. कांद्याच्या व्यापारांत गेल्या कांहीं वर्षांत जें घडलें, त्याचा हिशेब मांडला म्हणजे या तिसऱ्या मनुष्याची ओळख पटते; आणि तो हिशेब देवळालीच्या रेल्वे स्थानकापासूनच मांडण्यास आरंभ करतां येतो.

दिनांक ७ ऑगस्ट २०२० रोजीं देशांतील पहिली किसान रेल याच देवळाली स्थानकावरून बिहारमधील दानापूरकडे निघाली. नाशवंत माल त्वरेनें दूरच्या बाजारांत पोंचावा, हा तिचा उद्देश. नाशिकरोड, मनमाड, जळगांव, भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, जबलपूर अशीं ठाणीं घेत सुमारें दीड हजार किलोमीटरचा पल्ला ती गांठीत असे. थोडा माल असलेल्या शेतकऱ्यासहि तो पाठवितां येई. पुढें त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत या गाड्यांनीं जाणाऱ्या फळें-भाजीपाल्याच्या भाड्यांत निम्मी सूट मिळूं लागली, आणि सुटीची ती रक्कम ‘ऑपरेशन ग्रीन्स’ या योजनेंतून अन्नप्रक्रिया मंत्रालयानें भरावी असें ठरलें. शेतकऱ्याच्या मालास देशाचा बाजार मोकळा व्हावा, हेंच त्या वर्षीच्या सरकारी धोरणाचें घोषवाक्य होतें. जून महिन्यांत काढलेल्या तीन वटहुकुमांचें समर्थनहि याच तत्त्वावर केलें जात होतें.

आतां पुढील तारखा ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. देवळालीहून पहिली गाडी सुटल्यास अडतीस दिवस होतात न होतात तोंच, १४ सप्टेंबर २०२० रोजीं, कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. दुसऱ्याच दिवशीं, १५ सप्टेंबर रोजीं, लोकसभेनें आवश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्यांत दुरुस्ती करणारें विधेयक संमत केलें. कांदा, बटाटा, धान्य, डाळी यांच्या सांठ्यावर सरकारनें ऊठसूट मर्यादा घालूं नये, असाधारण परिस्थितींतच ती घालावी, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. फळें व भाजीपाला यांच्या बाबतींत किरकोळ भाव दुपटीवर गेला तरच मर्यादा घालतां येईल, असेंहि तींत म्हटलें होतें. परंतु २३ ऑक्टोबर रोजीं त्याच कलमाचा आधार घेऊन घाऊक व्यापाऱ्यास २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यास २ टन अशी कांद्याच्या सांठ्याची मर्यादा ठरविण्यांत आली. देशांतर्गत वाहतुकीस खजिन्यांतून उत्तेजन, बंदरावर कुलूप, आणि गोदामावर पहारा. हें सारें अवघ्या अकरा आठवड्यांत. पुढें २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं संसदेनें ती दुरुस्ती व तिच्या जोडीचे दोन्ही कायदे रद्द केले, आणि मोकळ्या बाजाराची ती चर्चा तेथेंच थांबली. भाड्यांतील सुटीसाठीं अन्नप्रक्रिया मंत्रालयानें द्यावयाच्या रकमेची मुदतहि ३१ मार्च २०२२ रोजीं संपली. अनुदानावर उभी राहिलेली सोय अनुदानाच्या आयुष्याइतकीच खात्रीची असते, हा तिचा धडा.

या हुकुमांचा आघात नीट समजण्यासाठीं कांद्याचा स्वभाव माहीत असला पाहिजे. नाशिक जिल्ह्यांत कांदा वर्षांतून तीनदां निघतो. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारांत येऊं लागतो; त्यामागून रांगडा येतो; आणि रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळांत काढला जातो. उन्हाळ कांदा चाळींत भरून चार-सहा महिने राखतां येतो. त्यांतहि वजन घटतें, कांहीं सडतो, कांहींस कोंब फुटतात. परंतु भावाची वाट पाहण्याची थोडी तरी सवड शेतकऱ्यास मिळते. लाल कांद्याला ती सवड मुळींच नाहीं. तो टिकत नाहीं. निघाला कीं विकावाच लागतो. म्हणून हिवाळ्यांत लादलेली बंदी ही, ज्यास थांबतां येत नाहीं अशा शेतकऱ्यावरच पडते. चाळीचा खर्च सोसून उन्हाळ कांदा राखणारा शेतकरीहि सुटत नाहीं. कारण ज्या चढत्या भावाच्या आशेनें त्यानें सडीचा धोका पत्करलेला असतो, नेमका तोच भाव हुकुमाच्या निशाण्यावर असतो.

वर्ष २०२३ हें या दृष्टीनें फार बोलकें आहे. फेब्रुवारी महिन्यांत कांद्याचे भाव इतके पडले कीं सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा आणणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हातीं, गाडीभाडें, हमाली, तोलाई इत्यादि खर्च वजा जातां, दोन रुपयांचा धनादेश पडला. मार्चमध्यें राज्य सरकारनें क्विंटलमागें ३५० रुपये अनुदान जाहीर केलें, तेंहि एका शेतकऱ्यास २०० क्विंटलपर्यंतच. ऑगस्ट उजाडला आणि भाव चढूं लागले. लागलीच १९ ऑगस्ट रोजीं निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. ऑक्टोबरच्या अखेरीस, टनामागें ८०० डॉलरपेक्षां कमी किंमतीनें कांदा परदेशीं पाठवूं नये, असा हुकूम निघाला. म्हणजे किलोस सुमारें ६७ रुपये. आणि ८ डिसेंबर रोजीं पूर्ण बंदी आली. त्या वेळीं लाल कांद्याच्या गाड्या बाजाराच्या वाटेवर होत्या. लिलाव बंद पडले, आणि ११ डिसेंबर रोजीं चांदवड येथें शेतकऱ्यांनीं मुंबई-आग्रा महामार्ग रोखून धरला. ही बंदी प्रथम ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. ती संपण्यापूर्वींच, पुढील हुकूम होईपर्यंत, म्हणून लांबविण्यांत आली. मे २०२४ च्या आरंभीं ती उठली, परंतु ५५० डॉलरची किमान किंमत व शेंकडा ४० कर मागें ठेवून उठली. सप्टेंबरमध्यें किमान किंमत गेली व कर निम्म्यावर आला, आणि तो कर १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण रद्द झाला.

या दोन वर्षांहून अधिक काळाच्या हिशेबाचा सारांश एका वाक्यांत सांगतां येईल. पडता भाव शेतकऱ्याचा, आणि चढता भाव सरकारचा. फेब्रुवारींतील तोटा ज्याच्या पदरीं पडला, त्याला ऑगस्टमधील नफा मात्र एकट्यानें घेतां आला नाहीं. कोणत्याहि धंद्यांत बऱ्या वर्षाची मिळकत वाईट वर्षाची खोट भरून काढते. बरें वर्षच हुकुमानें कापून टाकलें, तर वाईट वर्षाची भरपाई कशानें व्हावी? ती मग अनुदानाच्या रांगेंत उभें राहून मागावी लागते. स्वतःच्या घामाचा पैसा घेण्याचा हक्क जाऊन, त्या जागीं अर्ज, सात-बाराचा उतारा, विक्रीची पावती आणि कचेरीची पायरी येते.

येथवरची हकीकत ग्राहक व शेतकरी या दोघांचीच आहे. आतां दाराशीं उभ्या असलेल्या तिसऱ्या मनुष्याकडे वळलें पाहिजे. निर्यातबंदी हा शब्द ऐकतांना असें वाटतें, कीं कांद्याचें एकहि पोतें देशाबाहेर जात नसेल. तसें घडत नाहीं. २०२० च्या बंदींतच, ऑक्टोबर महिन्यांत, ‘बंगलोर रोझ’ जातीचा १० हजार टन आणि कृष्णापुरम् जातीचा १० हजार टन कांदा चेन्नई बंदरांतून पाठविण्यास मोकळीक मिळाली. २०२३-२४ च्या बंदींत सरकार-सरकारांमधील बोलण्यावरून बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस व श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा देण्याचें ठरलें. आणि तो पाठविण्याचें काम राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेकडे सोंपविण्यांत आलें. मग २५ एप्रिल २०२४ रोजीं २ हजार टन पांढऱ्या कांद्यास परवानगी मिळाली. माल व त्याचें परिमाण यांबद्दल दाखला द्यावयाचा होता तो गुजरात राज्याच्या फलोत्पादन आयुक्तांनीं. नाशिकच्या लाल कांद्यास जें दार बंद होतें, तें पांढऱ्या कांद्यास उघडलें. महाराष्ट्रांत यावरून मोठा गहजब झाला.

या गहजबांत पुष्कळांचा राग गुजरातच्या शेतकऱ्यावर गेला. तो अस्थानीं होता. महुव्याचा शेतकरी आपला कांदा विकूं पाहतो, यांत त्याचा कोणताच अपराध नाहीं. दोष आहे तो त्या व्यवस्थेचा, जींत सर्वांचें दार आधीं लावलें जातें आणि मग रंग पाहून, जात पाहून, प्रांत पाहून अगर संस्था पाहून तें एकेकास उघडलें जातें. मोकळ्या बाजारांत निर्यातीचा अधिकार ही फुकटची गोष्ट असते. तो सर्वांस सारखा असतो, म्हणून त्यास किंमत नसते. बंदी आली कीं त्याच अधिकारास किंमत येते. देशांत भाव पडलेला, परदेशांत भाव चढलेला; या दोहोंमधील अंतर ज्यास ओलांडतां येईल, त्याचें तें उत्पन्न. बंदी जितकी कडक, तितकें हें अंतर मोठें, आणि तितकाच परवाना मोलाचा. यासाठीं कोणीं लांच दिली-घेतली असें गृहीत धरण्याचें कारण नाहीं. सर्व अधिकारी सचोटीचे असले तरीहि परवान्याची किंमत उरतेच, आणि ती शेतकऱ्याच्या पडलेल्या भावांतूनच निघालेली असते.

हा प्रकार नवा नाहीं. १९७४ पासून कांद्याची निर्यात नाफेड या एकाच संस्थेच्या द्वारें व्हावी, असा नियम होता. शेतकरी व परदेशी गिऱ्हाईक यांच्यामध्यें एकच दार, आणि किती माल केव्हां जाऊं द्यावयाचा तें त्या दाराशीं ठरणार. पुढें इतर सरकारी संस्थांनाहि तो अधिकार मिळाला. एका दाराचीं अनेक दारें झालीं; परंतु प्रत्येक दाराशीं पहारेकरी होताच. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं १९५९ मध्यें स्वतंत्र पक्ष स्थापन केला, तो या परवान्यांच्या राज्याविरुद्धच. महाराष्ट्रांत हाच विचार शेताच्या बांधापर्यंत नेला तो शरद जोशी यांनीं. चाकणच्या कांदा-आंदोलनानंतर १९८० च्या नोव्हेंबर महिन्यांत नाशिक जिल्ह्यांत कांदा व ऊस उत्पादकांनीं रस्ते व रेल्वे रोखल्या, तेव्हां त्यांच्या मागणीचें मर्म अनुदान हें नव्हतें. शेतमालाचे भाव पाडण्यासाठीं सरकार जो हात घालतें, तो त्यानें काढून घ्यावा, म्हणजे शेतकऱ्यास वेगळ्या दानाची गरज राहणार नाहीं, असें शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले. १२ डिसेंबर २०१५ रोजीं ते निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच २०१९, २०२० आणि २०२३ अशा तीन वेळां कांद्यावर निर्यातबंदी आली.

तथापि एकट्या दिल्लीस दोष देऊन हा विषय संपत नाहीं. परवान्याचें राज्य गांवाजवळहि नांदतें. देवळालीच्याच लोहमार्गावर, निफाडच्या पुढें, लासलगांव आहे. तेथील कांद्याची बाजारपेठ आशियांतील मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. बाजार समितीचा १९६३ चा कायदा झाला तो शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीं. उघड लिलाव व्हावा, माप खरें असावें, पैसा वेळेवर मिळावा, हे त्याचे हेतु कोणासहि मान्य व्हावे असेच आहेत. परंतु खरेदीचा परवाना मोजक्यांच्या हातीं राहिला कीं संरक्षणाच्या भिंतीचें कुंपण होतें. सप्टेंबर २०२३ मध्यें जिल्ह्यांतील कांदा-व्यापाऱ्यांनीं आपल्या मागण्यांसाठीं खरेदी थांबविली. त्यांच्या मागण्यांत निर्यातकर काढून टाकण्याची मागणीहि होती, आणि ती योग्यच होती. परंतु सुमारें दोन आठवडे लिलाव बंद राहिले, आणि त्या अवधींत शेतकऱ्यास दुसरें गिऱ्हाईक मिळेना. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला समितीच्या बंधनांतून मोकळा केला होता, अडतहि शेतकऱ्याऐवजीं खरेदीदारानें द्यावी असें ठरविलें होतें. पण कागदावर दार उघडलें म्हणून बाहेर रस्ता तयार होत नाहीं. गोदामें, प्रतवारी, मापाची व पैशाची हमी आणि दुसरे खरेदीदार हीं सर्व उभीं राहावीं लागतात. आणि धोरण दर सहा महिन्यांनीं पालटत असतां त्यांत भांडवल घालण्यास कोण धजणार?

ऊस पिकविणाऱ्यासहि हाच अनुभव आहे. एका साखर कारखान्यापासून ठराविक हवाई अंतराच्या आंत दुसरा कारखाना निघूं नये, असा नियम आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण हुकुमांत तें अंतर १५ किलोमीटर धरलें आहे. महाराष्ट्रानें तें २५ किलोमीटर केलें. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१२ मध्यें हें बंधन काढून टाकण्याची शिफारस केली. कारण उघड आहे. जवळ दुसरा कारखाना निघाला तर उसाला दुसरें गिऱ्हाईक मिळतें, आणि पहिल्यास भाव वाढवावा लागतो. पहिल्यास तें नको असतें. कारखाना सहकारी असो वा खाजगी असो, शेजारी स्पर्धक नसावा ही त्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु एखाद्याच्या इच्छेस कायद्याचें बळ मिळालें म्हणजे ती लोकहिताची होत नाहीं.

बास्तिआ नांवाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानें १८४५ सालीं या वृत्तीची मोठी मार्मिक थट्टा केली होती. मेणबत्त्या करणाऱ्यांच्या नांवानें त्यानें सरकारास एक काल्पनिक अर्ज लिहिला. परदेशी प्रतिस्पर्धी फुकट प्रकाश देऊन आमचा धंदा बुडवीत आहे, तरी दिवसा सर्व खिडक्या बंद ठेवण्याचा कायदा करावा, अशी त्यांत विनंती होती. तो प्रतिस्पर्धी म्हणजे सूर्य! हा अर्ज वाचून हंसूं येतें; परंतु असेच अर्ज गंभीर भाषेंत लिहून आले म्हणजे त्यांस धोरण म्हणतात. लाभ थोड्यांचा व मोठा असतो; म्हणून ते थोडके लोक दिल्ली-मुंबईच्या खेपा घालतात, निवेदनें देतात, मंत्र्यांना भेटतात. तोटा पुष्कळांचा व प्रत्येकीं लहान असतो. म्हणून तो सोसणारा आपल्या शेतावरून उठून कोठेंच जात नाहीं. सरकारच्या कानीं आवाज पोंचतो तो पहिल्यांचा. यांत कोणाची दुष्टता असावीच असें नाहीं. अधिकाराची रचनाच अशी आहे.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. कांदा हें गरिबाच्या भाकरीबरोबरचें कालवण आहे. त्याचा भाव चौपट झाला तर मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबानें काय करावें? सरकारनें हात बांधून बसावें काय? हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं, आणि ज्यांना बाजाराच्या स्वातंत्र्याची चाड आहे त्यांनीं तर तो मुळींच टाळूं नये. त्याचें उत्तर असें, कीं गरिबास मदत अवश्य करावी; परंतु ती सर्वांच्या खजिन्यांतून, उघडपणें, हिशेब ठेवून करावी. निर्यातबंदीनें जी मदत होते तिचा खर्च अंदाजपत्रकांत कोठेंच दिसत नाहीं, कारण तो एकट्या कांदा-उत्पादकाकडून वसूल झालेला असतो. शिवाय ती मदत गरिबापुरती राहत नाहीं. उपाहारगृहाच्या मालकास व बंगल्यांतील श्रीमंतास ती तितकीच मिळते, किंबहुना जो अधिक कांदा खातो त्यास अधिक मिळते. सरकारनें २०२३ मध्यें तीन लाख टनांचा राखीव सांठा पांच लाख टनांवर नेला आणि ऑगस्टपासून शहरांत २५ रुपये किलोनें कांदा विकण्यास आरंभ केला. अशा विक्रींतहि दोष असतील. परंतु तिचा खर्च निदान मोजतां तरी येतो. बंदीचा खर्च मोजलाच जात नाहीं.

दुसरें असें, कीं बंदीनें मिळणारी स्वस्ताई ग्राहकासहि फार काळ लाभत नाहीं. कॅम्पच्या बाजारांत या महिन्यांत कांदा उतरला, हें डोळ्यांना दिसतें. न दिसणारी गोष्ट पुढें घडते. ज्याचे हात पोळले तो शेतकरी पुढच्या हंगामांत लागवड कमी करतो, चाळ बांधण्याचा बेत रद्द करतो, दुसऱ्या पिकाकडे वळतो. मग माल कमी येतो, भाव पुन्हां भडकतो, आणि पुन्हां बंदीची मागणी होते. जी वस्तु सांठविण्यास शिक्षा आहे ती टंचाईच्या वेळीं सांठ्यांत सांपडेल कशी? सांठा करणारा व्यापारी सर्वांच्या शिव्यांचा धनी असतो. परंतु मे महिन्यांतील कांदा ऑक्टोबरपर्यंत कोणीं तरी राखलाच नाहीं, तर ऑक्टोबरांत तो कोणत्याहि भावानें मिळणार नाहीं.

परदेशी गिऱ्हाइकाचें नुकसान तर याहूनहि चिवट आहे. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत अशीच अचानक बंदी आली, तेव्हां ऑक्टोबरांत दिल्लीस आलेल्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनीं, आधीं सांगितलें असतें तर बरें झालें असतें, अशा अर्थाची तक्रार हंसत हंसत बोलून दाखविली. स्वयंपाक्यास कांद्यावांचून जेवण करावयास सांगितलें आहे, असेंहि त्या म्हणाल्या. हंसण्यावारी गेलेली ती गोष्ट व्यापारांत हंसण्यावारी जात नाहीं. ज्याला नेमानें माल मिळत नाहीं तो पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान यांच्याकडे वळतो, आणि स्वतःच्या देशांत लागवड वाढवितो. भारताची कांद्याची निर्यात २०२२-२३ मध्यें सुमारें २५ लाख टन होती. २०२३-२४ मध्यें ती १७.१७ लाख टनांवर आली, आणि २०२४-२५ मध्यें १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टन एवढीच भरली. बंदी एका सहीनें उठते. गेलेलें गिऱ्हाईक एका सहीनें परत येत नाहीं.

मग करावें काय? उपाय अवघड नाहींत. अवघड आहे तो अधिकाराचा मोह सोडणें. परदेशी व्यापाराचा नियम हंगामापूर्वीं जाहीर व्हावा आणि पीक बाजारांत येईपर्यंत तो बदलूं नये, म्हणजे बी टाकणारास आपण कोणत्या अटींवर बी टाकीत आहों हें कळेल. अगदीं आणीबाणीच्या प्रसंगीं बंधन घालणें भागच पडलें, तर तें सर्वांस सारखें असावें. रंग, जात, प्रांत अगर संस्था पाहून त्यांतून सुटका देऊं नये. ज्या दिवशीं सुटकेचा परवाना मिळण्याची आशा नष्ट होईल, त्या दिवशीं बंदीची मागणी करणारांची संख्याहि पुष्कळच घटेल. खरेदीदारांचा परवाना मागेल त्यास, पैशाची हमी घेऊन, मिळावा. गरीब ग्राहकास जी मदत द्यावयाची ती खजिन्यांतून द्यावी आणि तिचा आंकडा विधिमंडळापुढें ठेवावा. आणि शेतकऱ्यांनींहि एक पथ्य पाळावें. तेजींत स्वातंत्र्य आणि मंदींत अनुदान, अशी दुहेरी मागणी करणारा स्वतःच तिसऱ्या मनुष्याच्या रांगेंत जाऊन उभा राहतो, आणि मग दार लावण्याचा अधिकार सरकारपासून काढून घ्या असें म्हणण्याचें नैतिक बळ त्याच्यापाशीं उरत नाहीं.

देवळाली कॅम्पचा निवृत्त नोकरदार आणि नानेगांवचा शेतकरी यांच्या हिताचा विरोध मानला जातो तेवढा खोल नाहीं. एकास वाजवी भावानें वर्षभर कांदा हवा आहे. दुसऱ्यास वाजवी भावानें वर्षभर गिऱ्हाईक हवें आहे. हा सौदा दोघे समोरासमोर करूं शकतात, आणि आठवड्याच्या बाजारांत करीतहि असतात. भाव न पटला तर एक पुढच्या पालाकडे जातो, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो. त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं आणि कोणास अर्ज करावा लागत नाहीं. या दोघांनीं एकमेकांस दोष देत राहावें, यांतच ज्यास परवाना मिळावयाचा असतो त्याचें हित असतें. तेव्हां पुढील वेळीं भाव चढतील आणि बंदीची हांक उठेल, त्या वेळीं दोघांनींहि मिळून एकच प्रश्न विचारावा, कीं या बंदींतून सुटका कोणास मिळणार आहे. ज्या हुकुमाचें उत्तर ‘कोणासहि नाहीं’ असें देतां येत नाहीं, तो हुकूम ग्राहकासाठींहि नसतो आणि शेतकऱ्यासाठींहि नसतो.